दोन इंजिनांचा कॉम्प्युटर आणि माझा पत्र्याचा डबा

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना 'पुरुषांच्या क्षेत्रात पाय रोवलेली महिला' हवी होती. मी म्हटलं, पाय रोवायला मी काही विजेचा खांब नाही. मी वर्षानुवर्षं पॉवर सप्लाय दुरुस्त केले, त्यावर लिहीन. बाई जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "चालेल, पण वाचकांना कळेल असं लिहा हं." वाचकांना कळेल की नाही, मला माहीत नाही. गिऱ्हाइकांना तर आजवर कळलेलं नाही.

शालिमारजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे वळलं की माझं दुकान होतं. होतं म्हणते, कारण गेल्या वर्षी ते आवरलं. त्याआधी मी सातपूरच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळायचे आणि तपासायचे. कारखाना बंद पडला, हातात कसब होतं, म्हणून दुकान टाकलं. पहिली काही वर्षं येणारा प्रत्येक जण दारातच थबकून विचारायचा, "सर नाहीत का?" मी सांगायचे, "सर वारले. बोला." माझा नवरा ठणठणीत आहे, तेव्हा पोस्टात नोकरीला होता. पण तेवढ्या उत्तराने माणूस वरमायचा आणि मुकाट्याने बिघडलेली वस्तू पुढे करायचा. वेळ वाचायचा.

पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती पंखा लावलेली लोखंडी पेटी, जिच्याकडे ती बंद पडेपर्यंत कुणी ढुंकूनही बघत नाही. भिंतीतली दोनशे तीस व्होल्टची वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक मंडळींना, कुणाला बारा, कुणाला पाच, कुणाला त्याहूनही कमी, अशी वाढायची, एवढंच तिचं काम. ज्याला जेवढं पचतं तेवढंच त्याच्या ताटात वाढायचं. घरात हे काम बाई करते, म्हणून तिलाही कुणी विचारत नाही. गेम खेळणारी मंडळी ग्राफिक्स कार्डापायी महिन्याचा पगार फुंकतात, सात रंगांत लुकलुकणारे पंखे बसवतात, आणि पॉवर सप्लायची पाळी आली की म्हणतात, "कोणताही टाका मॅडम, स्वस्तातला."

मग खेळ ऐन रंगात आला की त्या मोठ्या कार्डाला वीज पुरत नाही आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. शहाणा माणूस अशा वेळी मोठा सप्लाय घेतो. अतिशहाणा माळ्यावरचा जुना सप्लाय काढतो आणि एकाच कॉम्प्युटरला दोन जोडतो. जोडता येत नाहीत असं नाही. पण कॉम्प्युटरचं बटण फक्त पहिल्या सप्लायच्या ओळखीचं असतं, दुसऱ्याला ते कळत नाही. इंटरनेटवरचा कुणी दाढीवाला सांगतो की दुसऱ्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरच्या भोकांत कागदाला लावायची पिन वाकवून खुपसा. सप्लाय सुरू होतो. खरंच होतो. फक्त तो बंद व्हायचं नाव घेत नाही, कारण पिनेला कोण सांगणार की आता पुरे. कॉम्प्युटर झोपलेला आणि त्याचं ग्राफिक्स कार्ड एकटं टक्क जागं, अशी तऱ्हा होते. हे काम नीट करायचं तर बोटभर लांबीची एक सर्किटची पट्टी मिळते. पहिला सप्लाय उठला की ती दुसऱ्याला उठवते, पहिला झोपला की झोपवते. दोघांनी एकाच वेळी उठायचं, एकाच वेळी झोपायचं आणि दोघांना अर्थिंग एकच हवं. एवढं पाळलं तर संसार होतो. पण ती पट्टी मागणारं गिऱ्हाईक मला वर्षातून एखादं भेटायचं. पिनवाले रोज.

कॉलेज रोडचा सौरभ या पिनवाल्यांचा मुकुटमणी. आयटी कंपनीत नोकरीला, बोलताना दर दोन वाक्यांनी "बेसिकली". एकदा आला तो चेहरा पाडूनच.

"मॅडम, कॉम्प्युटर मध्येच वेडा होतो. तीनदा विंडोज टाकलं. बेसिकली काहीच फरक नाही."

"लाइट गेल्यावर होतो का?"

तो विचारात पडला. "हो की. तेव्हाच होतो."

"दोन्ही सप्लायचे प्लग कुठे लावलेस?"

"एक इन्व्हर्टरच्या सॉकेटला, एक साध्या. म्हणजे एकाला तरी बॅकअप राहील ना!"

मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. "अरे, एका बैलाला पेंड घातलीस, दुसऱ्याला उपाशी ठेवलंस, आणि गाडी खड्ड्यात का गेली म्हणून मला विचारतोस?" दुकानातले बाकीचे हसले. तोही हसला, हे त्याचं चांगलं होतं.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार तर त्याच्याही वरचे. प्लगची अर्थिंगची जाड पिन जुन्या सॉकेटात जाईना, म्हणून त्यांनी दोन्ही प्लगच्या त्या पिना पकडीने मोडूनच टाकल्या. मग मला फोन. "मॅडम, कॅबिनेटला हात लावला का मुंग्या येत्यात. लय पावरफुल बनलाय म्हणायचा!" मी त्यांना म्हटलं, मुंग्या येतायत तोवर फोन करताय, पुढचा फोन तुमच्या वतीने दुसरंच कुणीतरी करेल.

असं मी बोलायचे. लोक म्हणायचे, पगारे मॅडमचं काम सोन्यासारखं, तोंड मात्र फटकळ. मला त्याचा अभिमान होता. दुकानात समोरच्या भिंतीवर मी पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं: आधी मीटर, मग मत. म्हणजे वस्तू आली की आधी मीटर लावून व्होल्टेज मोजायचं, मगच काय बिघडलंय ते बोलायचं. गिऱ्हाइकाने "माझ्या मते" म्हणून सुरुवात केली की मी बोटाने ती पाटी दाखवायचे. आज त्या पाटीची आठवण आली तरी मान खाली जाते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

इगतपुरीहून भोरभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, नातवाचा कॉम्प्युटर घेऊन आले असतील. साठी उलटलेली, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं, हातात रेक्झिनची पिशवी. रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले. पिशवीतून त्यांनी वहीचा कागद काढला. पट्टीने रेघा मारून त्यावर दोन पॉवर सप्लाय आणि एक कॉम्प्युटर काढलेला होता.

"ताई, गेमचा कॉम्प्युटर हाये. कार्ड मोठं घेतलं, आता सप्लाय कमी पडतोय. मुलाचा जुना एक पडून हाये घरात. दोन लावायचेत."

"नातू खेळतो का?"

"नाय. मीच खेळतो."

मी हसले. तोंडावर हसले. ते मात्र शांत होते. म्हणाले, "कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी वर चढवायची तर एका इंजिनाने जमत नाय. मागून बँकर, म्हंजे दुसरं इंजिन, लावतो आम्ही, ढकलायला. पस्तीस वर्षं मी बँकरच चालवला. पुढचा ओढतो, मागचा ढकलतो. मग कॉम्प्युटरला दोन का नकोत?"

"आणि पुढच्याने ब्रेक लावला आणि मागचा ढकलतच राहिला तर?"

"तर डबे घसरत्यात," ते म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडं आलो. पिनेचं पोरांनी सांगितलं व्हतं. पण पुढच्यानं शिट्टी दिल्याबिगर मागच्यानं हलायचं नाय, असं कायतरी पायजे."

सगळ्या कॉलेज रोडला जे समजलं नव्हतं, ते या माणसाला घाटात समजलं होतं. पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. "मोठा एकच सप्लाय घ्या, ही थेरं कशाला या वयात," एवढंच म्हणाले. ते नाहीच म्हणाले. घरात चालू वस्तू असताना नवी घेणं त्यांना पटत नव्हतं. मग मी ती सर्किटची पट्टी बसवली, दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतले, अर्थिंग तपासलं आणि काम चोख करून दिलं.

तपासताना त्यांचा खेळ पाहिला. त्यात गोळीबार नाही, मारामारी नाही. रेल्वे चालवायची, बस. आणि पडद्यावर आपला कसाऱ्याचा थळ घाट होता. बोगदे, पूल, दरीकडेचे कठडे, पावसाळ्यात कातळावरून येणारं पाणी. हा मार्ग विकत मिळत नाही, तो भोरभाऊंनी स्वतः बनवला होता, एकेक वळण, एकेक झाड. तीन वर्षं रोज सकाळी नाश्ता झाला की बसायचे. अजून इगतपुरीजवळचा शेवटचा टप्पा बाकी होता.

"कशासाठी एवढं?" मी विचारलं.

"बँकरच्या ड्रायव्हरला चढताना काय दिसतं, सांगा बरं. शेवटच्या डब्याची पाठ. पस्तीस वर्षं मी घाट चढलो आणि पस्तीस वर्षं समोर डब्याची पाठ बघितली. उतरताना मोकळं दिसतं, पण उतरताना सगळा जीव ब्रेकमधी. एकदा पुढच्या इंजिनात बसून घाट चढायचा हाये मला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या हातानं."

असं काही ऐकलं की चांगला माणूस दोन शब्द चांगले बोलतो. मी म्हटलं, "बरं, वर्षभराने पंख्यातली धूळ काढून घ्या." दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि माझ्या फटकळपणाची एक ख्याती होती, ती सांभाळायची होती.

वर्षभर तो दोन इंजिनांचा कॉम्प्युटर बिनबोभाट चालला. मग पावसाळ्यात भोरभाऊ पुन्हा आले. इगतपुरीचा पाऊस, घरात उंदीर शिरले आणि त्यांनी कॅबिनेटमध्ये शिरून डिस्ककडे वीज नेणारी केबल कुरतडली. बाकी सगळं शाबूत होतं. नवी केबल बसवायची, पाच मिनिटांचं काम.

आता माझ्या डब्याबद्दल सांगायला हवं. दुकानात पंधरा किलोच्या तेलाचा एक पत्र्याचा डबा होता. मेलेल्या प्रत्येक सप्लायच्या केबली मी त्यात टाकायचे. आमच्या धंद्यात सगळ्यांकडे असा एक डबा असतो. टाकून काही द्यायचं नाही, कधी ना कधी लागतं, हे कारखान्यातलं वळण. बड्या सप्लायच्या केबली सुट्या असतात, एक टोक डिस्कला आणि दुसरं सप्लायच्या सॉकेटात खोचायचं. मी डब्यात हात घातला, हवी तशी केबल काढली, खोचली. ती चपखल बसली. अशी बसली जणू त्याच सप्लायची होती.

मी मीटर लावला नाही. पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मीटर हाताशी. पण एका केबलीला काय मीटर लावायचा!

बटण दाबलं. टक् असा बारीक आवाज आला आणि जळका वास. कॉम्प्युटर सुरू झाला, पण डिस्क दिसेना. त्या केबलीवर ओळीने टोकं होती आणि त्यांवर भोरभाऊंच्या दोन डिस्का होत्या. एकीवर घाट, दुसरीवर घाटाची नक्कल. जपणारा माणूस, नक्कल काढून ठेवली होती, पण ठेवली होती शेजारीच. दोन्ही गेल्या.

तेव्हा मी काय केलं, ते जसंच्या तसं लिहिते. केबल काढली. तिच्या टोकाला काजळीचा ठिपका होता, तो अंगठ्याने पुसला, नीट गेला नाही. केबल परत डब्यात टाकली, कारण केबल चांगली होती. मग वळून भोरभाऊंना म्हटलं, "बघा. मी म्हणत होते. दोन सप्लाय एकमेकांशी भांडले. या वयात ही थेरं कशाला, सांगितलं नव्हतं?"

मला तेव्हा खरं कारण माहीत नव्हतं. पण मी ते शोधलंही नाही. दुकानात तिघेजण ऐकत होते आणि मी त्यांना चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. कॉम्प्युटर म्हणजे मालगाडी नव्हे. इंजिनं चालवणाऱ्यांनी इंजिनं चालवावीत. असं बरंच. भोरभाऊ हात मागे बांधून ऐकत होते, साहेबासमोर उभं राहावं तसे.

"म्हणजे चूक माझीच," ते म्हणाले.

"मग कुणाची?"

"बरं," ते म्हणाले. त्यांनी दुसरा सप्लाय काढून घ्यायला सांगितलं आणि तो पिशवीत घातला. डिस्का मी ओळखीच्या माणसाकडे पुण्याला पाठवल्या, त्यातलं काही निघतं का बघायला. काही निघणार नाही असं उत्तर आलं, ते मी फोनवर कळवलं. भोरभाऊ पुन्हा "बरं" म्हणाले.

आठ महिने गेले. एक दिवस सौरभ आला, तोच बैलवाला. त्याची डिस्कची एक केबल हरवली होती. मी डब्यात हात घातला, केबल काढली, खोचणार तोच तो म्हणाला, "मॅडम, एक मिनिट. पिना चेक केल्या का? दुसऱ्या कंपनीची केबल असली तर बसते, पण आतल्या वायरी वेगळ्या क्रमाने असतात. बेसिकली बारा व्होल्ट पाचच्या जागी जातात. डिस्क उडते."

"आता तू मला शिकवणार?"

"नाही मॅडम, म्हणजे, मी वाचलंय..."

त्याचं नाक ठेचावं म्हणून मी मीटर घेतला. केबल सप्लायला लावली, दुसऱ्या टोकाला डिस्क न लावता नुसता मीटर धरला. जिथे पाच हवे होते तिथे बारा दिसले. मी मीटरच्या सळ्या काढून, परत लावून पुन्हा मोजलं. बाराच.

टोकावर काजळीचा अर्धवट पुसलेला ठिपका होता.

सौरभ म्हणाला, "बघा, वाचलो." मी त्याला काही बोलले नाही. तो बिचारा घाबरला, कारण मी गप्प बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती. मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि शटर ओढून स्टुलावर बसून राहिले. दोन सप्लाय भांडले नव्हते. ते बिचारे वर्षभर गुण्यागोविंदाने नांदले होते, कारण जोडणी त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातून आली होती. आणि काम माझं होतं, तेही चोख होतं. चुकले होते ते पाच मिनिटांच्या केबलीत, जिच्यावर मीटर लावणं मला कमीपणाचं वाटलं होतं.

लगेच उठून इगतपुरीला जायला हवं होतं. पण मी तीन आठवडे लावले. आज ऊन फार आहे, उद्या डिलिव्हरी आहे. कधी वाटायचं, आता सांगून डिस्का थोड्याच जिवंत होणार आहेत. दुसऱ्यांच्या सबबी मी वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या, त्यामुळे माझ्या सबबी मला पाठ होत्या. शेवटी एका रविवारी सकाळी एसटीत बसले, पर्समध्ये ती केबल.

घराबाहेर ओट्यावर दिवा होता, त्यातला बल्ब काळा पडलेला. सुनेने दार उघडलं. मी दुकानाचं नाव सांगितलं तशी तिने मला नीट पाहून घेतलं.

"तुम्हीच का त्या! बरं झालं मॅडम तुम्ही बोललात त्यांना. आमचं कुठे ऐकत होते. आता कॉम्प्युटर बंदच हाये. विजेच्या कशालाच हात लावू देत नाय आम्ही बाबांना. हा बल्ब गेलाय ना, दोन आठवडे झाले, वायरमन येईल म्हणून थांबलोय." हे ती बोलत होती आणि भोरभाऊ आतल्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकत होते.

पस्तीस वर्षं घाटात इंजिन चालवलेला माणूस माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानानंतर स्वतःच्या घरातला बल्ब बदलत नव्हता. घाट गेला होताच. हे बल्बचं मला माहीत नव्हतं.

सून पाणी आणायला गेली. मी पर्समधून केबल काढून त्यांच्या समोर टीपॉयवर ठेवली आणि सांगितलं. डब्याचं सांगितलं, मीटरचं सांगितलं, काजळी पुसल्याचं सांगितलं. "तुमची जोडणी बरोबर होती. चूक माझी होती. मी न बघता तुमच्यावर टाकली."

त्यांनी केबल उचलली, टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"आमच्याकडं सिग्नल चुकून ओलांडला तर गाडी तिथंच उभी करायची आणि पहिलं स्वतः कळवायचं. पाणी प्यायचं ते त्यानंतर." ते शांतपणे बोलत होते. "तुम्ही तीन आठवडे पाणी पित व्हता ताई."

मला आयुष्यात इतकं फटकळ कुणी बोललं नव्हतं, आणि आवाज तर चढलाही नव्हता. मी "हो" म्हणाले.

बराच वेळ ते केबल बोटांभोवती गुंडाळत राहिले. मला वाटलं, आता जा म्हणतील. डिस्का नव्या घेऊन देते, असं मी पुटपुटले. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. मग त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "सूनबाई, जरा इकडं ये. आणि संज्यालाही उठव."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मागून त्यांचा मुलगा डोळे चोळत आला. भोरभाऊंनी दोघांना पलंगावर बसवलं आणि माझ्याकडे वळले.

"आता परत सांगा. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा फार जड गेलं. सून पदराशी चाळा करत माझ्याकडे न बघता ऐकत होती. मुलगा मध्येच म्हणाला, "म्हणजे बाबांचं बरोबर होतं?" मी म्हटलं, "पूर्ण बरोबर होतं. माझ्याकडे येणाऱ्या कुणाचंही नव्हतं इतकं बरोबर होतं." हे वाक्य मी त्या पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं.

भोरभाऊ उठले, कपाटावरून एक नवा बल्ब काढला आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढत ओट्याकडे निघाले. सुनेने सवयीने "बाबा" म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. दिव्याखाली ते त्यावर चढले. स्टूल डुगडुगत होतं. मी पाय धरायला गेले.

"तुम्ही राहू द्या," ते म्हणाले. "सूनबाई, मेन बंद कर." आणि तिने मेन बंद केल्यावरही त्यांनी खिशातून टेस्टर काढला, आधी तो लावून पाहिला, आणि मगच बल्बला हात घातला.